पुरोहिताविना विवाह

पुरोहिताविना धर्म पुढील पिढीस कसा पोहोचणार, असे आपणांस वारंवार विचारले जाते. सतराव्या शतकात इंग्लंडात उदयास आलेल्या ख्रिस्ती क्वेकर पंथाकडे पाहा. त्यांच्या मूळ परंपरेत विवाह लावणारा पाद्रीच नाही. मूक उपासनासभेत वधूवर उभे राहून परस्परांस वचन देतात. नंतर उपस्थित सर्वजण, लहान मुलेसुद्धा, विवाहपत्रावर सह्या करतात. (इतके साक्षीदार वकिलास एरवी कोठे मिळावेत?) जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या त्यांच्या सभांनी स्वतः राखल्या. १७५३ च्या इंग्लिश विवाह कायद्याने इतरांवर राजमान्य चर्चचा विधी लादला. क्वेकर व ज्यू यांना मात्र त्यातून वगळले. आपल्या विहारात गतवर्षी लागलेल्या विवाहांची नोंद कोणत्या वहीत आहे?