मूळ ओळखून मागावें

मुंबईहून होणारें एक व्याख्यान शहापूर व मुरबाड तालुक्यांतील चाळीस शाळांस एकाच वेळीं संगणकावर पाहावयाचें आहे, असें समजूं. मुंबईची तार कल्याणास येऊन तेथें शहापूरकडे एक व मुरबाडकडे एक अशी फुटते, असेंहि धरूं. नेहमींच्या रीतीनें प्रत्येक शाळेकरितां स्वतंत्र प्रवाह सुटतो. म्हणजे कल्याणपर्यंत तेंच व्याख्यान चाळीस वेळां वाहतें. तार भरून जाते, आणि शेवटच्या पाड्यावरील मुलांसमोर चित्र गोठून राहतें.

ही उधळपट्टी टाळणारी मल्टिकास्ट पद्धति स्टीव्ह डीअरिंग यांनीं १९८९ सालीं नियमबद्ध केली. तींत कल्याणपर्यंत एकच प्रवाह येतो, व जेथें वाट फुटते तेथेंच त्याची प्रत निघते. शहापूर तालुक्यांतील तानसाचें पाणी १८९२ पासून मुंबईस जातें, आणि त्याच तालुक्यांतील कित्येक पाडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात. पाणी एकास दिलें तें दुसऱ्यास उरत नाहीं. व्याख्यानाचें तसें नाहीं. त्याच्या हव्या तितक्या प्रती निघतात.

मात्र जुन्या पद्धतींत एक उणीव होती. श्रोता केवळ समूहाचा क्रमांक सांगे. बोलणारा कोण, हें शोधण्याचा भार मधल्या यंत्रणेवर पडे, आणि कोणीहि आगंतुक त्याच क्रमांकावर आपलें घोडें दामटूं शके. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील ह्यू होलब्रुक व डेव्हिड चेरिटन यांनीं १९९९ सालीं साधा उपाय सुचविला : श्रोत्यानें समूहाबरोबर वक्त्याचाहि पत्ता सांगावा. हीच सोर्स-स्पेसिफिक मल्टिकास्ट. तिचे नियम २००६ सालीं प्रसिद्ध झाले. इंटरनेटच्या चार भागांच्या पत्त्यांपैकीं २३२ नें सुरू होणारे पत्ते तिच्यासाठीं राखलेले आहेत.

तिची चाल मोठी मौजेची आहे. मुरबाडच्या शाळेंतील संगणक जवळच्या राऊटरला, म्हणजे वाट दाखविणाऱ्या यंत्रास, सांगतो : ‘अमक्या वक्त्याचा अमका प्रवाह हवा.’ तो राऊटर वक्त्याकडे जाणारी वाट पाहून मागणी पुढच्या राऊटरकडे धाडतो. कल्याणास तोच प्रवाह शहापूरसाठीं आधींच आलेला असेल, तर मागणी तेथेंच थांबते आणि नवी फांदी फुटते. शेवटचा श्रोता उठला कीं ती फांदी गळते. मागणी पानांकडून मुळाकडे, प्रवाह मुळाकडून पानांकडे! वक्त्याच्या दिशेनें न आलेला प्रवाह राऊटर टाकून देतो.

तरी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. ही काटकसर सर्वांनीं एकाच वेळीं पाहिलें तरच साधते. आपापल्या सवडीनें पाहणारांस तिचा उपयोग नाहीं. दुसरें, वाटेंतील प्रत्येक राऊटरला ही रीत ठाऊक असावी लागते. म्हणून ती बहुधा एका मालकीच्या जाळ्यांत चालते; खुल्या इंटरनेटवर क्वचितच.

ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतु नेण्याची योजना, जिला पुढें भारतनेट हें नांव मिळालें, २०११ सालीं मंजूर झाली. परंतु तार गांवांत आली म्हणजे काम संपलें नाहीं. शाळासमितीवर असलेल्या वाचकांनीं एवढें अवश्य विचारावें : मधलीं यंत्रें आमची मागणी मुळापर्यंत पोंचवितात काय?