चौकांतलें आकाश

वैशाखांत अकोला-अमरावतीचें ऊन सोसून रात्रीं वाड्याच्या चौकांत बाज टाकणाऱ्या वाचकांस उघड्या आकाशाचें मोल सांगावयास नको. मूळ गोमंतकीय घराण्यांतील स्थापत्यविशारद चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनीं तोच चौक संग्रहालयांत नेला. साबरमती आश्रमांतील १९६३ चें गांधी स्मारक संग्रहालय पाहावें: विटांचे खांब, कौलारू छप्पर, कांचेऐवजीं लाकडी झडपा, मध्यें उघडें पाणी. भोपाळचें भारत भवन (१९८२) तर तळ्याकाठच्या उतारांत अंगणांभोंवतींच बसविलेलें आहे. अमेरिकेंत शिकून आलेल्या या कलावंतानें अंगणास असा मान दिला. आम्ही मात्र वाडे पाडून बंद इमारती उभारीत आहों! नवें घर अवश्य बांधावें. पण आराखड्यांत हातभर आकाश राखावें, एवढीच आमची विनंति.