फवारणीची विषबाधा थेंबभर रक्तातून कळेल. पण आधीचा आकडा कुठाय?

पऱ्हाटीवर फवारणी सुरू झाली की 2017 आठवतंच. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं 20हून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. मास्क-हातमोज्यांची चर्चा तेव्हापासून दरवर्षी होते. रक्ततपासणीचं मात्र गावात कोणी नाव काढत नाही.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं शरीरातलं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम निकामी करतात. ते फार घटलं की लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, धाप, आणि शेवटी श्वासच अडतो. फसगत अशी, की ते रोज थोडं थोडंही घटत जातं आणि तांबड्या पेशींतलं भरून यायला महिने लागतात. रोज वेगळ्या शेतात पंप पाठीवर घेणारा मजूर 'आपल्याला काही होत नाही' म्हणत राहतो, अन् एक दिवस धुऱ्यावरच कोसळतो.

इथं चिमुकला विद्युत सेन्सर कामाचा आहे. शुगर तपासायची पट्टी असते ना, तसाच. पट्टीवर कार्बनचा इलेक्ट्रोड छापलेला, त्यावर रक्ताचा थेंब आणि अ‍ॅसिटिलथायोकोलिन हे रसायन. एन्झाइम शाबूत असेल तर ते रसायन फोडतं, त्यातून निघालेल्या थायोकोलिनमुळे इलेक्ट्रोडवर वीजप्रवाह मिळतो. प्रवाह कमी, म्हणजे एन्झाइम कमी. प्रयोगशाळांमध्ये अशा पट्ट्यांवर बरीच वर्षं काम चाललंय. आपल्या आरोग्य केंद्राच्या टेबलावर त्या अजून यायच्या आहेत.

पण नुसती पट्टी येऊन भागणार नाही. कोलिनेस्टरेज माणसागणिक वेगळं असतं. आज आलेला आकडा कमी की बरोबर, हे त्याच माणसाचा फवारणीआधीचा आकडा असल्याशिवाय नीट सांगता येत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात 1974पासून तसा नियमच आहे. मजुराचा मूळ आकडा आधी घ्यायचा. तो 80 टक्क्यांखाली आला की कामाची पद्धत तपासायची. तांबड्या पेशींतला 70 टक्क्यांवर उतरला की त्याला फवारणीवरून हटवायचं. खर्च मालकाचा. आपल्याकडे मजुराचा मालक रोज बदलतो, मग हा खर्च कोण करणार? जूनमध्येच आशाताई अन् आरोग्य केंद्रामार्फत नोंद झाली तरच ही पट्टी उपयोगाची, नाहीतर तीही कपाटात पडेल.

आणखी एक. डायफेन्थियुरॉन, फिप्रोनिल यांची बाधा या तपासणीत दिसत नाही, आणि आपल्याकडे तर दोन-तीन औषधं एकाच टाकीत कालवतात. आकडा चांगला आला तरी दवाखान्यात जाताना औषधाचा डबा सोबत न्यावाच लागेल.