अठराव्या वर्षीच निकाल कशाला?

२०१४ साली टोरांटोत झालेल्या शारीरिक चाचणीत सॅम बेनेट पुल-अपच्या दांड्याला लटकला. हनुवटी दांड्याच्या वर एकदाही गेली नाही. त्याच्या नावापुढे शून्य लागले. १७ वर्षांचा हा कॅनेडियन मुलगा त्या वर्षीच्या ड्राफ्टसाठी उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीपटूंच्या यादीत, गोलरक्षक वगळता, पहिला होता. त्या शून्याची बातमी झाली. काही महिन्यांतच त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया करावी लागली, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाही.

या ड्राफ्टमध्ये नॅशनल हॉकी लीगचे ३२ संघ दरवर्षी सात फेऱ्यांत सव्वादोनशेच्या आसपास मुले निवडतात. त्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण होत असली की मुलगा पात्र. पूर्वी ही मर्यादा साधारण वीस होती. सत्तरच्या दशकात प्रतिस्पर्धी लीग कोवळी पोरे पळवू लागली, म्हणून ती खाली आली. ती लीग १९७९ मध्येच बंद पडली. घाई मात्र कायम राहिली. ही मर्यादा किमान एका वर्षाने तरी वाढवायलाच हवी.

कारण या वयात संघ अनेकदा खेळाआधी अंगकाठी पाहतात. कॅनडात वयोगट १ जानेवारीपासून मोजला जातो. जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, म्हणून थोराड. लहानपणी चांगला संघ आणि चांगला प्रशिक्षक त्याच्याच वाट्याला येतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेली मुले ड्राफ्टमध्ये त्यांच्या कुवतीपेक्षा मागे पडत होती. लीगमध्ये त्यांनी नंतर अपेक्षेपेक्षा सरस कामगिरी केली.

रशियाच्या पावेल दात्सुकचेच पाहा. चणीने लहान, अंगाने बारीक. लागोपाठ दोन ड्राफ्टमध्ये त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिले नाही. १९९८ मध्ये डेट्रॉइटने त्याला १७१ व्या क्रमांकावर घेतले आणि, हे महत्त्वाचे, तीन वर्षे रशियातच खेळू दिले. तेविसाव्या वर्षी तो अमेरिकेत उतरला. पुढे लीगच्या विजेतेपदाचे दोन स्टॅन्ली कप जिंकणाऱ्या संघांत तो होता. समोरच्याच्या काठीखालून चकती अलगद काढून घेण्याचे त्याचे कसब कोणत्या वजनकाट्यावर मोजणार होते?

उलट १९९३ मध्ये ओटावाने अलेक्झांडर डेगला सर्वांत आधी उचलले. दुसऱ्या क्रमांकावर गेलेला ख्रिस प्रॉंगर सात वर्षांनी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. डेगच्या खांद्यावर मात्र अठराव्या वर्षीच एका आख्ख्या शहराच्या आशा टाकल्या गेल्या होत्या. त्या त्याला पेलल्या नाहीत.

बेनेट चौथ्या क्रमांकावर कॅलगरीकडे गेला. तिथे तो कधीच पुरता बहरला नाही. २०२१ मध्ये संघाने त्याला फ्लोरिडाला देऊन टाकले. १७ जून २०२५ रोजी फ्लोरिडाने स्टॅन्ली कप जिंकला, तेव्हा प्लेऑफमध्ये १५ गोल करणारा बेनेट स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तीन दिवसांनी त्याला २९ वे वर्ष पूर्ण होणार होते.