खाऱ्या पाण्याकाठचे हिरवे बेट

बेट पाहावयाचे तर अंदमानला जावे, अशी वऱ्हाडातील सुखवस्तू कुटुंबांची समजूत आहे. तेथील प्रवाळ आणि सदाहरित अरण्य पाहण्याजोगे आहेच, यात शंका नाही. परंतु अमरावती आणि अकोल्याच्या उंबरठ्यावर एक बेट आहे, आणि तेथे जाण्यास विमान लागत नाही. ते बेट म्हणजे मेळघाट.

समुद्र नसताना बेट कसे? निसर्गशास्त्रात बेट या शब्दाचा अर्थ जरा व्यापक आहे. ज्या भूभागाभोवती वन्यजीवांना सहज ओलांडता न येणारा प्रदेश पसरला आहे, तो भूभाग त्यांच्यापुरता बेटच असतो. अकोट किंवा परतवाडा सोडून उत्तरेस निघावे. कपाशी, तूर, संत्र्याच्या बागा मागे पडतात आणि सातपुड्याची गाविलगड रांग भिंतीसारखी उभी राहते. तिच्या दक्षिणेस पूर्णेचे खोरे आहे आणि त्यात खारपाणपट्टा. तेथे विहीर खोदली तर पाणी खारट लागते. म्हणजे या बेटाला खाऱ्या पाण्याचा शेजारही लाभलेला आहे! डोंगरातून उतरणाऱ्या शहानूर आणि वान या नद्यांवरील धरणांचे गोडे पाणी पायथ्याकडील गावांना मिळते. त्या पाण्याचे मुद्दल वरच्या जंगलात ठेवलेले आहे, हे नळ उघडताना सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

मुक्तागिरीच्या यात्रेकरूंनी या डोंगराळ मुलखाचा काठ पाहिलेला असतो. धबधबा, मंदिरांची रांग, आणि संध्याकाळी परतवाड्यामार्गे घर. चिखलदऱ्याला जाणारे आणखी थोडे आत शिरतात. सुमारे ११०० मीटर उंचीवरील ते थंड हवेचे ठिकाण. कॉफीची झाडे, खोल दऱ्या, जवळच गाविलगडचा किल्ला. पण खरे अरण्य त्यापुढे सेमाडोह, कोलकास, हरिसालच्या बाजूस आहे. खापरा, सिपना, गडगा, डोलार आणि खंडू या पाच नद्या तेथून तापीकडे धावतात. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. नदीला झाडाचे नाव देणारी माणसे त्या जंगलाला किती जवळून ओळखत असतील!

१९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होते. वाघाखेरीज रानगवा, अस्वल, सांबर, चौशिंगा, रानकुत्री येथे आहेत. वाघ दिसलाच पाहिजे असा हट्ट धरणाऱ्यांनी मात्र इकडे येऊ नये. डोंगर दुर्गम आणि झाडी दाट असल्याने तो क्वचितच दर्शन देतो. त्याऐवजी रानपिंगळा शोधावा. हे ठेंगणे घुबड १८८४ नंतर कोणा अभ्यासकाला खात्रीने आढळले नव्हते. ते नामशेष झाले असे मानले गेले. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, ते शहाद्याजवळ पुन्हा दिसले आणि पुढे मेळघाटातही चांगल्या संख्येने सापडले. विशेष म्हणजे ते दिवसाढवळ्या शिकार करते.

बेटावरील प्राण्यांचा प्रश्न असा की, वाढलेल्या पिलांनी जायचे कोठे? २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या एका तरुण वाघाने याचे उत्तर पायांनी दिले. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. शेते, नाले, रस्ते ओलांडत, तेलंगणात जाऊन येत, सुमारे ३००० किलोमीटर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेथे त्याला जोडीदारीण नव्हती. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहून जाणे म्हणतात ते हेच. जंगले परस्परांशी जोडलेली नसतील तर बंदिस्त वाघांत जवळच्या नात्यातच संकर होत राहतो आणि पुढची पिढी दुबळी होत जाते.

म्हणूनच अकोला-खंडवा रेल्वेचा वाद निव्वळ रुळांचा नाही. जुनी मीटरगेज गाडी व्याघ्रप्रकल्पातून सुमारे ३८ किलोमीटर जात असे. धूळघाटजवळ चढ चढण्यासाठी रूळ वळसा घेऊन स्वतःलाच ओलांडीत. अकोल्यापासून अकोटपर्यंत ब्रॉडगेज झाली, २०२२ मध्ये गाडीही धावली. प्रश्न पुढच्या टप्प्याचा. जुन्याच मार्गावर रुंद रूळ घातले तर वेगवान गाड्या जंगल चिरीत जातील. जळगाव जामोद, संग्रामपूरकडून वळवले तर अंतर वाढते. पण त्या तालुक्यांतील लोकांना प्रथमच रेल्वे मिळते. जुन्या मार्गावरील आदिवासी गावांची गाडी मात्र कायमची जाते, आणि त्यांच्या बाजारहाटाचे व दवाखान्याचे काय, हा प्रश्न वन्यजीवप्रेमींनीही टाळता कामा नये. जंगलातून उठवून अकोट-तेल्हारा भागात वसवलेल्या काही कुटुंबांना तेथील जीवन न मानवल्याने ती परत डोंगरात गेली होती, हेही फार जुने नाही.

जाण्यास पावसाळ्यानंतरचे दिवस उत्तम. अकोटहून नरनाळा किल्ला आणि शहानूरचा परिसर एका दिवसात होतो. सेमाडोह-कोलकाससाठी दोन मुक्काम हवेत आणि निवासाची नोंदणी आधी करावी. फराळाचे डबे बरोबर न्यावेत, रिकामी वेष्टने घेऊनच परतावे. वानरांना खाऊ घालू नये.