पिंजरा आत घ्या

जानेवारी 2025 मध्ये उदगीर शहरात कावळे पटापट मरून पडू लागले. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले : बर्ड फ्लू. अशी बातमी आली की आपण चिकन खावे की नाही याची चर्चा करतो. गॅलरीत टांगलेल्या बजी पोपटांच्या जोडीचा विचार कुणाच्या मनात येत नाही.

या विषाणूला पिंजऱ्यात शिरायला कावळा आत यावा लागत नाही. विष्ठा, लाळ, नाकातला स्राव पुरेसा असतो. सांडलेल्या राळ्याच्या दाण्यांसाठी कावळा-पारवा कठड्यावर उतरतो, जाळीवर शिटतो, खाली पाण्याच्या वाटीत थेंब पडतो. झाले! आपल्या चपलांच्या तळालाही हा विषाणू चिकटून घरात येतो. म्हणून साथ असेतो पिंजरा आतल्या खोलीत हलवा, सांडलेले दाणे रोज झाडा, वाटी साबणाने धुवा, बाहेरच्या चपला दाराबाहेरच ठेवा. गच्चीवर कावळ्या-चिमण्यांसाठी पाणी ठेवत असाल, तर ते भांडे आणि पिंजऱ्यातली वाटी एका जागी धुऊ नका. परसात कोंबड्या असतील तर त्यांना छपराखाली, जाळीआड ठेवा.

पक्षी आजार लपवतात. पिसे फुलवून, खाणे सोडून पक्षी कोपऱ्यात बसला, तर वाट पाहू नका. पशुवैद्यकांना आधी फोन करा, मग न्या. आणि घाबरून पाळलेला पक्षी उघड्यावर सोडणे हा तर निव्वळ क्रूरपणा आहे.

मेलेला कावळा दिसला तर हात लावू नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.