तपासणाऱ्याची परीक्षा

दसरा उलटला की खामगाव, मलकापूर, नांदुरा येथील बाजारांत कापूस येऊ लागतो आणि पावसाळाभर थंड पडलेल्या जिनिंग कारखान्यांच्या मोटरी पुन्हा फिरू लागतात. चार महिने ओल खाल्लेली मोटर चालू करण्यापूर्वी तिच्या गुंडाळीचा विद्युत्-रोध मोजून घ्यावा, हे ह्या धंद्यातील मुळाक्षर आहे. तो मोजणाऱ्या माणसास मोजणे शिकविले कोणी, हा प्रश्न मात्र बुलढाणा जिल्ह्यातच काय, साऱ्या महाराष्ट्रात क्वचितच विचारला जातो.

कायदा ह्याबाबतीत मुका आहे असे नव्हे. दिवा, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता विजेच्या जोडणीचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच व्हावे, त्यावर प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाची देखरेख असावी आणि हात लावणाऱ्या वायरमनपाशी परवाना असावा, असे नियम सांगतात. घरगुती व कारखानी दाबाच्या जोडणीवर ५०० व्होल्टचा एकदिश दाब एक मिनिट लावून रोध निदान एक मेगओहम भरला पाहिजे, हा दंडक तर १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांपासून चालत आला आहे. पूर्वी ह्या जोडण्यांची नियतकालिक तपासणी करण्यास विद्युत् निरीक्षक येत असे. आता शासनाने ठरविलेल्या दाबापर्यंतच्या जोडण्या मालकाने स्वतः तपासून घ्याव्यात, स्वतःच प्रमाणित कराव्यात व अहवाल निरीक्षकाकडे धाडावा, अशी तरतूद आहे. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांतही ती कायम आहे. निरीक्षकांनी प्रत्येक गिरणीचा उंबरठा झिजवावा हे शक्य नाही, हे आम्ही जाणतो. परंतु मालकाच्या सहीवर भिस्त ठेवायची, तर त्या सहीमागे मापन करणारा हात शिकलेला हवा. तेथेच सारी मेख आहे.

आमच्याकडे तपासणी म्हणजे खिशातला टेस्टर लावून त्याचा दिवा पेटतो की नाही ते पाहणे! पेटलेला दिवा वीज आल्याचे सांगतो; वेष्टण शाबूत आहे की नाही, अर्थिंगची तार जमिनीपर्यंत पोहोचली आहे की वाटेतच तुटली आहे, ह्याविषयी तो अवाक्षर काढीत नाही. अर्थिंग तुटलेले यंत्र अगदी सुरळीत चालते. विहिरीवरचा पंप पाणी ओढतो, पिठाची गिरणी दळते, आणि एके दिवशी ओल्या हाताने स्टार्टरची लोखंडी पेटी उघडणारा शेतकरी जागच्या जागी कोसळतो. हा दोष डोळ्यांना दिसत नाही व कानांना ऐकू येत नाही; शिकलेल्या माणसाच्या हातातील उपकरणासच तो सापडतो.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षास आग लागून दहा बालके दगावली. आगीचे मूळ विजेच्या बिघाडात असल्याचे चौकशीत निघाले. त्या घटनेनंतर ठिकठिकाणी तपासणीचे हुकूम सुटले. हुकूम सुटले म्हणजे तपासणारे तयार झाले, असा समज आमच्या प्रशासनात फार जुना आहे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील दोन वर्षांच्या वीजतंत्री अभ्यासक्रमात मेगरची ओळख करून दिली जाते, हे खरे. पण जोडणारा व तपासणारा ह्यांची वृत्ती निराळी. यंत्र चालावे म्हणून एक झटतो. चालत्या यंत्रातही खोट शोधणे हे दुसऱ्याचे काम. म्हणून आमची मागणी अशी की, जिल्ह्यातील ह्या संस्थांनी केवळ तपासणीचा एक अल्प मुदतीचा वर्ग उघडावा व त्याची परीक्षा लेखी न ठेवता मुद्दाम दोष लपविलेल्या यंत्रावर घ्यावी. चाचणी अहवालावर नुसते 'ठीक' असे न लिहिता प्रत्यक्ष मापन, उपकरणाचा क्रमांक व मोजणाऱ्याचे नाव घालणे सक्तीचे करावे.

ह्यावर खेड्यांत माणसे कोठून आणावयाची, असे विचारले जाईल. आक्षेप पोकळ नाही. वीस-वीस वर्षे खांबावर चढलेले, परंतु शाळेचा दाखला नसलेले कितीतरी कुशल कारागीर तालुक्या-तालुक्यांत आहेत. त्यांस दाखल्यासाठी अडवू नये, सरळ परीक्षेस बसू द्यावे. शिकवणीचा खर्च कारखानदारांनी उचलावा. जळालेल्या एका रुईच्या गोदामापुढे तो नगण्य आहे. येत्या हंगामाची पहिली मोटर फिरण्यापूर्वी निदान खामगाव व मलकापूर येथे असे वर्ग सुरू व्हावेत, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी त्यासाठी विद्युत् निरीक्षक, प्रशिक्षण संस्था व जिनिंग मालक ह्यांस एकत्र बोलवावे.